भविष्यकाळ परत पाठवताना

भविष्यकाळ रद्द झाल्याचं मला टपालाने कळलं. मार्चातल्या एका मंगळवारी वीजबिल आणि बियाण्यांचा कॅटलॉग यांच्या मधोमध फ्रॉस्टविक कंपनीचं पत्र निघालं. 'उद्याचं सुखी घर' ही फिल्म एक मेपासून बाद होत असून तिच्या सर्व प्रती परत मागवून नष्ट केल्या जातील, कारण कंपनीने त्याहून नवीन भविष्यकाळ तयार केला आहे. खाली कुणा मिस पेरिन यांची सही. आता बघा, १९५५ साली याच कंपनीने छातीठोकपणे सांगितलं होतं की १९७५ मध्ये आपण सगळे असे राहणार. १९५८ उजाडलं आणि १९७५ जुनं झालं! आमच्या घरचा टोस्टर त्याहून जास्त टिकलाय.

हे पत्र मलाच का, तर बकहॉर्नच्या ल्युथरन चर्चमध्ये दर गुरुवारी जे सहभोजन होतं, त्याचा कार्यक्रमप्रमुख मी. दिवसा मी विमा विकतो, पण ते पोटासाठी. माणूस म्हणून माझी ओळख प्रोजेक्टर ही आहे. काउंटीच्या शाळाखात्याने मला प्रोजेक्टर चालवण्याचं रीतसर प्रमाणपत्र दिलेलं आहे. ते मी बैठकीच्या खोलीत लावणार होतो, बायकोने, म्हणजे लोर्नाने, ते जिन्याखाली केरसुणीशेजारी लावलं. असो. कंपन्या आपापल्या फिल्म फुकट पाठवतात, आपण फक्त परतीचं टपाल भरायचं आणि सोबतचं कार्ड लिहायचं. प्रेक्षक किती, फिल्मची स्थिती कशी, आणि प्रेक्षकांना आमचं काय जास्त आवडलं. आजवर मी एकशेनऊ फिल्म परत पाठवल्या आणि एकशेनऊ वेळा 'स्थिती' या रकान्यात 'उत्तम' लिहिलं. ओहायोत असा दुसरा माणूस असेल तर त्याने पुढे यावं, मी टोपी काढीन.

त्याच संध्याकाळी शेजारचे ऑर्व्हिल डिट्श कुंपणाशी आले. वय सत्तर, बोलणं दिवसाला साधारण नऊ शब्द. त्यांची बायको हुल्डा नोव्हेंबरात गेली, तेव्हापासून तेही नऊवरून पाचावर आले होते.

"वेंडेल," ते म्हणाले, "ती घराची फिल्म. परत येणार?"

"नाही मिस्टर डिट्श, ती बाद झाली. आता नवीन येतेय, त्यात गाडी म्हणे पाण्यावरसुद्धा चालते."

"जुनीच हवी होती."

मला वाटलं, म्हातारा त्या गाडीवर भाळला. फिल्मच्या पहिल्या अर्ध्यात बिनचाकाच्या, म्हणजे हातातलं चाक नसलेल्या गाडीत नवरा-बायको पत्ते खेळत बसतात आणि गाडी आपली आपण चालते. डिट्श यांचा ट्रक १९३९ सालचा, त्याचं डावं दार दोरीने बांधलेलं. मी त्यांना वीस मिनिटं समजावलं की या गाड्या इतक्यात काही आपल्या गावात येत नाहीत, आणि आहे त्या ट्रकचा विमा वाढवून घेणं कसं शहाणपणाचं आहे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मान हलवली आणि घरात गेले.

जेवताना हे लोर्नाला सांगितलं तर तिने काटा खाली ठेवला.

"वेंडेल क्रॉट्झ, तू खरंच एवढा मठ्ठ आहेस की माझ्यासमोरच होतोस?"

"का? काय झालं?"

"अरे, त्या फिल्ममध्ये हुल्डाचे हात आहेत!"

आणि मग मला आठवलं. गावात सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट होती ती, मीच विसरलो होतो. हुल्डा फ्रॉस्टविकच्या कारखान्याच्या कँटीनमध्ये स्वयंपाकीण होती. फिल्मचं काम चालू असताना उद्याच्या स्वयंपाकघरातली ती देखणी नटी एका हाताने अंडं फोडायचा प्रयत्न करत होती. तीन डझन अंडी ओट्यावर सांडली, एकही धड वाडग्यात पडलं नाही. शेवटी कुणीतरी धावत कँटीनमध्ये गेलं आणि हुल्डाला ॲप्रनसकट घेऊन आलं. हुल्डाने एका हाताने अंडं फोडलं, केक ओव्हनमध्ये सरकवला, दार लावलं आणि त्यावर तळहाताने दोन थापा मारल्या. ठक, ठक. तशा ती नेहमीच मारायची. तीस वर्षं चर्चच्या स्वयंपाकघरात तिने ज्या ज्या ओव्हनमध्ये काही ठेवलं, त्याला दोन थापा मारल्या. बटणावर चालणाऱ्या उद्याच्या ओव्हनलाही मारल्या. नटीची अंगठी हिऱ्याची, पण ओट्यावरचा हात जवळून दिसतो तेव्हा बोटात एक पातळ, झिजलेलं वळं असतं, कारण हुल्डाने अंगठी काढायला साफ नकार दिला होता. सगळं मिळून अकरा सेकंद. मोबदला म्हणून उरलेली अंडी तिने घरी आणली.

"त्यांच्याकडे तिचा फोटो नाही का?" मी विचारलं.

"लग्नातला आहे. हातमोजे घातलेला," लोर्ना म्हणाली. "बाकी प्रत्येक फोटोत ती चुलीकडे तोंड करून पाठमोरी उभी. मी त्यांना डबा द्यायला जाते ना, तेव्हा पाहिलेत सगळे."

मला फार लाज वाटली. मी माणसाला ट्रकचा विमा विकत होतो! त्याच रात्री जेवणानंतर मी मिस पेरिनना पत्र लिहिलं : फिल्म एकदा, शेवटची, पाठवावी.

उत्तर चार दिवसांत आलं, तेही जरा जास्तच गोड. देशात आता दोनच प्रती उरल्या आहेत आणि त्या फक्त मोठ्या मेळाव्यांनाच मिळतात. परंतु बकहॉर्नची गोष्ट वेगळी. मागच्या कार्डावर आपण तीनशे बारा प्रेक्षक लिहिले असल्याने आपलं गाव आमच्या विभागात पहिलं आलं आहे. सबब आमचे प्रतिनिधी मिस्टर लाइल फेन्स्टर स्वतः फिल्म घेऊन सतरा एप्रिलला येतील, सोबत उद्याचा ओव्हन आणतील, आणि तीनशेहून अधिक उत्साही नागरिकांना भेटण्यास ते उत्सुक आहेत.

या तीनशे बाराचा खुलासा करायला हवा, नाहीतर तुम्ही मला खोटारडा म्हणाल. मागे ही फिल्म दाखवली त्या गुरुवारी चर्चच्या तळघरात अठ्ठ्याहत्तर माणसं होती. फिल्म संपली तेव्हा मुलांनी ओरडा केला, "उलटी! उलटी!" आमच्याकडे ही रीतच आहे, शेवटी फिल्म उलटी चालवायची. गाडी मागे पळते, सांडलेलं दूध ग्लासात जातं, मोठी माणसंही पोट धरून हसतात. मग पुन्हा सुलटी, मग पुन्हा उलटी. अठ्ठ्याहत्तर माणसांनी चार वेळा पाहिली. अठ्ठ्याहत्तर चोक? तीनशे बारा. हिशेबात कुठे खोट आहे ती दाखवा! पण आता सहाशे चाळीस वस्तीच्या गावातून, ऐन नांगरटीच्या दिवसांत, तीनशे माणसं एकशेचाळीस खुर्च्यांच्या तळघरात बसवायची होती.

गावात सल्ल्याला तोटा नाही. मर्ल न्हाव्याने दाढीचा साबण माझ्या नाकातोंडात असताना, म्हणजे मला काही बोलता येत नसताना, सांगितलं की तळलेली कोंबडी ठेव, लोक आपोआप येतील. पाद्रीबुवा म्हणाले, आपण खरा आकडा कळवून क्षमा मागावी. मी म्हटलं, खरा आकडा कळवला तर फिल्म येणार नाही. ते छताकडे बघून म्हणाले, "मग क्षमा नंतर मागितली तरी चालते." काउंटीच्या अग्निशमन कार्यालयाने जादा माणसांसाठी अर्ज मागवला. त्यात प्रश्न होता, 'कार्यक्रमात आगीचा वापर होणार का?' उद्याचा ओव्हन बिनआगीचा असतो असं फिल्ममध्ये म्हटलंय, म्हणून मी लिहिलं, 'आज नाही, १९७५ मध्येही नाही.' अर्ज परत आला. वर लाल पेन्सिलने : 'थट्टा करू नये.' मी आयुष्यात कधी इतका गंभीर नव्हतो. शेवटी त्या कार्यालयातल्या माणसानेच युक्ती सांगितली, बंदी खुर्च्यांवर आहे, उभं राहणाऱ्यांचा फॉर्म वेगळा. तो फॉर्म तीन प्रतींत भरला.

राहिलं जेवण. आमच्या सहभोजनाला प्रत्येक घर एक पदार्थ आणतं. कुणी काय आणायचं ते महिला मंडळ ठरवतं, कसं ठरवतं ते देवाला माहीत, पण जमतं सगळं. मी ठरवलं की एवढ्या मोठ्या कार्यक्रमाला शास्त्रीय पद्धत हवी. आडनावाच्या पहिल्या अक्षरावरून वाटणी : ए ते एच मांसाचा पदार्थ, आय ते क्यू पाव आणि गोड, आर ते झेड सॅलड. सव्वीस अक्षरं, तीन जवळपास सारखे भाग. पत्रकं छापून घरोघर वाटली. लोर्नाने ते वाचलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "तुला नक्की असंच हवंय?" मी म्हटलं, "यात समजून घेण्यासारखं काही नाही, सरळ भागाकार आहे." ती म्हणाली, "बरं." एकोणीस वर्षांच्या संसारात तिच्या 'बरं'चा अर्थ मला कळायला हवा होता.

सतरा तारखेला दुपारी चार वाजता मिस्टर फेन्स्टर आले. आपोआप चालणाऱ्या गाडीच्या कंपनीचा हा माणूस स्वतःच्या गाडीत बसून आला खरा, पण गाडी ओढत होता स्टूबर शेतकऱ्याचा ट्रॅक्टर. गावाबाहेरच्या चढावर तिने दम तोडला होता. तरणा, चुणचुणीत गडी, चिखलात माखलेले बूट आणि ओठांवर कंपनीचं हसू. उद्याचा ओव्हन खाली उतरवायला सहा जण लागले.

साडेपाचपासून लोक यायला लागले आणि यायचे थांबेनात. खुर्च्या भरल्या, भिंती भरल्या, जिना भरला. मी दारात उभा राहून माझ्या जाहिरातीचं यश डोळे भरून पाहत होतो. प्रत्येकाच्या हातात झाकलेलं भांडं. मग लोर्नाने एकेक झाकण उघडलं.

पहिल्या भांड्यात हिरवी जेली. आत किसलेलं गाजर. दुसऱ्यात हिरवी जेली, आत कोबी. तिसऱ्यात हिरवी जेली, वर अननस. आमच्या बकहॉर्नमध्ये राहतात कोण? श्रोडर, शुल्ट्झ, स्टूबर, स्टाइन्के, रुप, वेबर, वॅगनर, झिमर. अख्खं गाव आरच्या पुढचं! आणि सॅलड म्हटलं की आमच्याकडे जेलीच. त्रेचाळीस भांडी हिरवी जेली टेबलांवर थरथरत होती. पाव आणला फक्त आम्ही. मांसाच्या भागात एकटे ऑर्व्हिल डिट्श, त्यांना येणारा एकमेव पदार्थ घेऊन आले होते : डझनभर उकडलेली अंडी. अंगात हुल्डाच्या अंत्यविधीला घातलेला तोच काळा सूट.

"शास्त्रीय आहे हं," लोर्ना माझ्या कानात म्हणाली.

माणसाने काही प्रसंगी डोकं खाली घालून जेली खावी.

जेवणं आटोपली. मी प्रोजेक्टर लावला. डिट्श पहिल्या रांगेत मधोमध, टोपी गुडघ्यावर. तेवढ्यात फेन्स्टर एक चकचकीत डबा घेऊन माझ्याजवळ आले.

"ही लावा. नवीन आहे. जुनी मी आणलीय, पण फक्त परत न्यायला. ती आता दाखवायची नाही असा वरून हुकूम आहे."

"पण पत्रात तर..."

"पत्र पेरिनबाईंचं. हुकूम विक्री विभागाचा. तिच्यातला ओव्हन आम्ही बनवणंच सोडलं हो! लोकांनी तो दुकानात मागितला तर मी काय सांगू?"

मी नियम पाळणारा माणूस आहे. लाल दिवा असला आणि रस्त्यावर कुत्रंही नसलं तरी मी थांबतो. मी डिट्श यांच्याकडे पाहिलं. ते पडद्याकडे बघत होते, कोऱ्या पडद्याकडे, आणि त्यांनी टोपीची कड दोन्ही हातांनी घट्ट धरली होती. मी म्हटलं, "मिस्टर फेन्स्टर, मी जुनीच लावणार." आवाज जरा मोठा निघाला.

"मिस्टर क्रॉट्झ, हे तीनशे लोक इथे भविष्यकाळ बघायला आलेत!"

मागून मर्ल न्हावी म्हणाला, "कुणी सांगितलं?"

"म्हणजे?"

"आम्ही हुल्डाला बघायला आलोय."

लोर्ना कॉफीच्या किटलीशी उभी होती, ती म्हणाली, "ऑर्व्हिलची बायको आहे ती. अंडं फोडते ते हात तिचे." आणि मग जिन्यावरून, भिंतीशी, खुर्च्यांतून माना हलल्या. सगळ्यांना माहीत होतं. पत्रक वाचून भांडी आणली होती खरी, पण जाहिरात बघून कुणीच आलं नव्हतं. गावभर एकानेही दुसऱ्याला काही सांगितलं नव्हतं, मलाही नाही, कारण बकहॉर्नमध्ये असलं काही कुणी बोलत नाही, सरळ नांगर सोडून येतात. माझ्या जाहिरातीचा अपमान झाला म्हणून मी क्षणभर दुखावलो, खोटं कशाला बोलू. पण दुसऱ्याच क्षणी माझे डोळे भरून आले आणि मला ते कुणाला दिसू द्यायचं नव्हतं.

डिट्श यांनी मान वळवली नाही. त्यांचे कान मात्र लालबुंद झाले.

फेन्स्टर यांनी बगलेतला जुना डबा काढला, माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "माझी गाडी काय झाली ते बघून येतो. मला अर्धा तास तरी लागेल." पण ते गेले नाहीत, जिन्याच्या पायरीवर मुलांमध्ये बसले.

फिल्म सुरू झाली. गाडी आपली आपण चालली, नवरा-बायको पत्ते खेळले, कुणी हसलं नाही. नटी उद्याच्या स्वयंपाकघरात आली, बटण दाबलं, फळी आपोआप खाली आली. आणि मग ओट्यावर तो हात. जाडसर बोटं, मनगटावर जुना भाजल्याचा डाग, ते पातळ वळं. अंडं वाडग्याच्या कडेवर टेकलं, उघडलं, टरफल बाजूला. केक आत. दार बंद. हाताने दोन थापा मारल्या.

आणि अख्ख्या तळघराने टेबलांवर, खुर्च्यांच्या पाठींवर, भिंतीवर थापा मारल्या. ठक, ठक. कुणी ठरवलं नव्हतं. त्रेचाळीस भांड्यांतली जेली हलली.

नटी परत आली तेव्हा डिट्श पहिल्यांदा बोलले, पडद्याकडेच बघत. "वेंडेल. उलटी जमेल?"

जमेल? मला! मी फिल्म थांबवली, काढली, उलट्या चालीसाठी पुन्हा घातली. आता प्रमाणपत्रधारक माणसाला झोपेतही ठाऊक असतं की फिल्म घालताना भिंगामागच्या झरोक्याच्या वर आणि खाली एकेक सैल वळसा ठेवायचा, नाहीतर यंत्र फिल्म चावतं. पण माझ्या चष्म्यावर धुकं आलं होतं. खालचा वळसा मी विसरलो.

पडद्यावर ओव्हनचं दार उघडलं, केक बाहेर आला, टरफलं हाताशी आली, आणि अंडं पुन्हा अख्खं झालं. हुल्डाच्या तळहातात ते नीट, पांढरं, न फुटलेलं अंडं होतं. तेवढ्यात कर्र्र असा आवाज झाला आणि पडदा पांढरा पडला.

सहा-सात फूट फिल्मच्या कडा यंत्राच्या दातांनी फाटून गेल्या होत्या. बरोबर तोच तुकडा. एकशेनऊ वेळा 'उत्तम', आणि एकशेदहाव्यांदा हे. मी कात्रीने खराब भाग कापला, दोन टोकं चिकटवली. नियम स्पष्ट आहे : कापलेले तुकडे फिल्मसोबत परत पाठवावेत. फेन्स्टर माझ्या शेजारी येऊन उभे होते. त्यांनी माझ्या हातातल्या तुकड्याकडे पाहिलं, मग पहिल्या रांगेकडे, आणि म्हणाले, "त्या हिरव्या पदार्थाची कृती मिळेल का कुणाकडून? माझ्या आईला आवडेल." आणि पाठ फिरवून जेलीच्या टेबलाकडे निघून गेले.

तो तुकडा आता डिट्श यांच्या स्वयंपाकघरात, सिंकवरच्या खिडकीत कपड्याच्या चिमट्याला टांगलेला आहे. सकाळी ऊन आलं की शंभर-दीडशे छोटे छोटे हात दिसतात, प्रत्येकात एक अंडं. लोर्ना डबा घेऊन जाते तेव्हा ते तिला दाखवतात. तिच्या हिशेबाने ते आता दिवसाला बारा शब्दांवर आलेत.

कार्यक्रमाच्या त्या रात्री मी कार्ड भरायला बसलो. प्रेक्षक : दोनशे एक्क्याण्णव, एकदाच मोजलेले. फिल्मची स्थिती : फाटली, चालकाच्या निष्काळजीपणामुळे. हे लिहायला मला चांगली पंधरा मिनिटं लागली आणि लोर्नाने मला त्या वेळात एकही टोमणा मारला नाही. कापलेले तुकडे : सापडले नाहीत.

शेवटचा रकाना होता, 'आमच्या उद्याच्या घरातलं प्रेक्षकांना सर्वांत जास्त काय आवडलं?' मी लिहिलं : अंडं.